पांढऱ्या जहाजाची फुकट सफर

मे महिन्यातल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता, पोटात बांगड्याचं तिखलं आणि डोक्यावर पंखा असताना, माणसाने कुठल्याही गोष्टीवर बोट ठेवू नये. हे मी आज सांगू शकतो. २००६ सालच्या त्या दुपारी मला हे सांगायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं. बत्तीस वर्षं टपाल खात्यात काढून मी सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, आणि त्या बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्र गहाळ झालं नाही. ही माहिती मी बहुतेकांना पहिल्या भेटीतच देतो. काहींना दुसऱ्या भेटीतही देतो.

आमचं गाव मालवणपासून पाच मैलांवर, अगदी किनाऱ्याला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी एसटीने मालवणला जाऊन जितेंद्रच्या सायबर कॅफेत माझा ई-मेल बघत असे. सायबर कॅफे म्हणजे त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात प्लायवुडच्या आडोशाला ठेवलेले दोन संगणक. त्यातला एक चालायचा. पण गावात ई-मेलचा पत्ता असलेला पहिला माणूस मी, आणि पेटी उघडण्याची ती वेळ मी सरकारी कामासारखी पाळत होतो. पेटीत बहुधा काही नसायचं. रिकामी पेटी नियमितपणे उघडायची सवय मला खात्याने लावलेलीच होती.

त्या मे महिन्यात मात्र पेटीत एक पत्र यायचं होतं, आणि ते माझं नव्हतं. माझी मुलगी रश्मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लहानपणापासून ओहोटीला किनाऱ्याच्या खडपात जाऊन बसायची आणि कुर्ल्या, शिणाण्यांचे शिंपले, नावं नसलेले किडे वहीत काढायची. दोन वर्षं ती कुडाळात शिकवण्या घेत होती. गोव्यातल्या सागरजीव अभ्यास केंद्रात एक जागा निघाली. एकच. मुलाखतीचं बोलावणं ई-मेलने येणार होतं, आणि तीन दिवसांत उत्तर गेलं नाही तर उमेदवारी रद्द, असं जाहिरातीत स्पष्ट छापलेलं होतं. अर्जावर तिने स्वतःचा पत्ता लिहायला घेतला तेव्हा मीच पेन धरलं. मुलींचे पत्ते लग्नानंतर बदलतात, मी म्हटलं, माझा लिही, तो कायमचा आहे. वर मी माझ्या पेटीतून केंद्राला एक सविस्तर शिफारसपत्रही पाठवून दिलं, त्यात माझ्या बत्तीस वर्षांचा उल्लेख होता. रश्मीने मान डोलावली. तिने माझ्यावर विश्वास टाकला होता, हे पुढच्या सगळ्या हकिगतीत लक्षात ठेवावं. मी तर ते विसरूच शकलो नाही.

तर त्या मंगळवारी पेटीत एक पत्र होतं. केंद्राचं नव्हतं. वर निळाशार समुद्र आणि त्यावर एक पांढरं जहाज. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की जगभरातून मोजक्या माणसांची निवड झाली आहे, त्यात आपण एक, तीन आठवड्यांची सागरसफर विनामूल्य, जागा पक्की करण्यासाठी इथे क्लिक करा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा जन्म समुद्राकाठचा, पण मला होडी लागते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला धक्क्यावरून पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात माझा प्राण कासावीस होतो. गावातली पोरंसोरंसुद्धा ज्या समुद्रावर जातात तो मी जन्मभर माडाखाली उभा राहून पाहिला. त्या चित्रातल्या जहाजाला मात्र लाट माहीत नव्हती. ते नुसतं निळाईवर टेकलेलं होतं. पंखा फिरत होता, झेरॉक्सचं यंत्र हळूहळू कुणाची तरी शिधापत्रिका गिळत होतं, आणि मला दिसलं की मी वरच्या डेकवर आरामखुर्चीत आहे. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस काचेच्या पेल्यात कोकम सरबत घेऊन उभा आहे. दूर उजव्या हाताला आमचं गाव, त्यात आमचं घर, अंगणात विमला आमसुलं वाळत घालते आहे. तिने कपाळावर हात धरून जहाजाकडे पाहिलं, आणि मी खुर्चीतूनच तिला हात केला. माझं पोट अगदी शांत होतं.

मी क्लिक केलं.

पुढे एक फॉर्म आला. आता फॉर्म समोर आला की माझ्यातला पोस्टमास्तर जागा होतो, आणि नेमका त्याच वेळी माणूस झोपतो. अर्धवट भरलेला फॉर्म मी कधी स्वीकारला नाही आणि कधी दिला नाही. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, ई-मेलचा पत्ता, पासवर्ड. ज्या रकान्यांपुढे ‘ऐच्छिक’ लिहिलं होतं तेही मी भरले. जेवणाच्या आवडीनिवडीत ‘श्रावणात मासे नकोत’ असं लिहिलं. खाली सही करायला जागा नव्हती एवढंच मला खटकलं. घरी येताना एसटीत खिडकीशी बसून मी माझ्या केबिनला पडदे कुठल्या रंगाचे असतील याचा विचार करत होतो.

शुक्रवारी पेटी उघडेना. पासवर्ड चुकीचा आहे, असं संगणक म्हणाला. मी पुन्हा घातला. मग सावकाश, एकेक आकडा म्हणत घातला. सातव्यांदा घातल्यावर मी जितेंद्रला हाक मारली आणि त्याचा कळफलक बिघडल्याचं कळवलं.

जितेंद्र गुणी मुलगा. दुकान चालवता चालवता तो या विषयात तज्ज्ञ झाला होता, म्हणजे तालुक्यात त्याच्यापेक्षा जास्त कळणारा दुसरा कोणी नव्हता. त्याने मला मंगळवारपासूनचं सगळं विचारलं आणि मी जहाजाचं सांगताच तो स्टुलावर बसला. असं कुठे चुकून क्लिक झालं, तर काय करायचं असतं हे त्याने मला बोटांवर मोजून सांगितलं. तिथे काही भरायचं नाही. भरलं असेल तर त्याच क्षणी आपला पासवर्ड बदलायचा. ओळखीच्या सगळ्यांना कळवायचं, की माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. मग त्याने विचारलं, पासवर्ड काय होता? मी आजूबाजूला पाहून त्याच्या कानात सांगितलं. तो आमच्या गावचा पिनकोड होता. जितेंद्र म्हणाला की हा तर चोराला पोस्टकार्डावरसुद्धा मिळाला असता.

अजून एक वाट होती. पेटी काढताना एक गुप्त प्रश्न निवडलेला असतो, त्याचं उत्तर दिलं की दार उघडतं. माझा प्रश्न निघाला, आपला आवडता पदार्थ कोणता. मला हायसं वाटलं. मी ‘सुरमई’ घातलं. नाही. ‘बांगडा’ नाही. ‘पापलेट’, ‘कोळंबी’, ‘तिसऱ्या’ नाही. मग लक्षात आलं की पेटी मी आदल्या वर्षी श्रावणात काढली होती आणि श्रावणात माझी आवड वेगळी असते. जितेंद्रच्या दुकानातून मी घरी फोन लावला आणि विमलाला विचारलं की गेल्या श्रावणात मला काय आवडत होतं. ती म्हणाली, काय केलं तरी तुम्ही नावं ठेवत होता. आम्ही काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळू, घावन, खापरोळी सगळं घालून पाहिलं. शेवटी जितेंद्रने शोध लावला की चोराने तो प्रश्नच बदलून टाकला आहे. परक्या माणसाने आपल्या पेटीला बसून दुसरा प्रश्न लावावा, आणि त्याचं उत्तर आपल्याला माहीत नसावं, हा अपमान मला फार लागला.

घरी आल्यावर मी रश्मीला सांगायला हवं होतं. ती पडवीत शिकवणीच्या वह्या तपासत बसली होती. तिने वर पाहून विचारलं, “बाबा, काय इला?” मी म्हटलं, नाही, अजून नाही. हे खोटं नव्हतं. पण ते म्हणताना मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघत होतो. ती म्हणाली, येईल, आणि पुन्हा वहीत वाकली. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं घालवण्यासाठी मी माडांना पाणी घालायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून मी सल्ला घेऊ लागलो. अर्थात स्वतःच्या नावाने नव्हे. माझा एक मित्र आहे, त्याचं असं झालंय, अशी मी सुरुवात करत असे. शेजारी दाजी तांडेल, चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, जाळं शिवता शिवता त्याने सगळं ऐकून घेतलं. “तुमच्या मित्राक सांगा, गप रव,” तो म्हणाला. “दर्यात वादळ इला की आमी काय करू? काय नाय करू. बसान रवू.” मासे घेऊन येणाऱ्या काशीबाईने पाटी खाली ठेवली, आणि संगणकाची दृष्ट काढायला मीठ-मिरच्या पुरतील, पण संगणक दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर मिरच्याही त्याच्याच घरच्या हव्यात, असं सांगितलं. जाताना तिने विचारलं, तुमच्या मित्राच्या मुलीचं कसं चाललंय. मी मित्राला मुलगी असल्याचं बोललोच नव्हतो.

तालुक्याच्या ठाण्यातही मी जाऊन आलो. तिथल्या हवालदाराने अदबीने बसवलं आणि चोरीचा अर्ज पुढे केला. चोरीला काय गेलं? पत्रपेटी. लाकडी की पत्र्याची? रंग? मी समजावून सांगितलं. मग घटनेचं ठिकाण आलं. मी म्हटलं, तसं पाहिलं तर एका जहाजावर. हवालदाराने पेन खाली ठेवलं. जहाज असेल तर ते आमच्याकडे येत नाही, बंदर खात्याकडे जा, तो म्हणाला. मी अर्ज परत घेतला. एक रकाना रिकामा राहिलेला अर्ज देणं मला जमलं नसतंच.

शेवटी मी मला येतं ते केलं. ई-मेलच्या कंपनीचा अमेरिकेतला पत्ता जितेंद्रने कुठून तरी काढून दिला, आणि मी फुलस्केप कागदावर चांगल्या अक्षरात पत्र लिहिलं. महोदय, आपल्या कार्यालयातील माझी पेटी एका अनोळखी इसमाने ताब्यात घेतली असून, तीत माझ्या कन्येचे महत्त्वाचे पत्र यावयाचे आहे. कृपया सदर पत्र स्वतंत्र काढून ठेवावे. मग ते रजिस्टर करून, पोचपावतीसह, माझ्याच जुन्या टपाल कचेरीतून रवाना केलं. त्या दुपारी मला फार बरी झोप लागली. झोपेत मी अमेरिकेत होतो. समुद्राच्या तळाशी एक लांबलचक वर्गीकरण कक्ष होता, हिरवा उजेड, कुठेही आवाज नाही. जगातली सगळी पत्रं तिथे हळूहळू तरंगत खाली येत होती आणि माझ्याच वयाचा एक चष्मेवाला गोरा पोस्टमास्तर ती एकेक करून खणात ठेवत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला. म्हणाला, तुमच्या मुलीचं पत्र मी बाजूला काढून ठेवलंय. मी हात पुढे केला, आणि फोन वाजला.

मुंबईहून माझा पुतण्या प्रितेश बोलत होता. काका, तुम्ही बोटीने चाललात? त्याला माझ्या नावाने ई-मेल गेला होता. मी एका पांढऱ्या जहाजाने सफरीला निघालो आहे, तूही ये, इथे क्लिक कर. एकट्या त्यालाच नाही. माझ्या यादीतल्या सगळ्यांना. विमला दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, “एकटेच जातल्यात?” आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. तिच्या त्या विचारण्यात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. पस्तीस वर्षांत मी तिला एकदाही कुठे नेलं नव्हतं.

पण मला घाम फुटला तो वेगळ्या कारणाने. माझ्या यादीत माणसं किती? प्रितेश, दोन जुने सहकारी, आणि ते शिफारसपत्र पाठवलं होतं म्हणून सागरजीव अभ्यास केंद्र, गोवा. म्हणजे ज्या पत्त्यावर रश्मीला बोलावणं यायचं, त्या पत्त्यावरून केंद्राला फुकट सफरीचं आमंत्रण गेलं होतं. आता केंद्राचं पत्र आलं तरी मला दिसणार नव्हतं, आणि येण्याची शक्यताही उरली नव्हती.

माणूस सगळीकडून अडला की आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतो. नोकरी, आजारपण, हरवलेली गुरं, काहीही असो, गावच्या रवळनाथापुढे नारळ ठेवायचा आणि मानकऱ्याने देवाला हकिगत सांगायची. मी शिकलेला माणूस, इतकी वर्षं मी नुसता नारळ द्यायचो. या वेळी मी मानकरी लवू गावकराकडे गेलो आणि एक खासगी गाऱ्हाणं हवंय म्हणालो. मंगळवारी दुपारी, देवळात कोणी नसताना, हळू आवाजात. एक पत्र हरवलंय, सापडू दे, एवढंच.

लवू गावकराने पान जुळवलं. “मास्तर, देवाक अर्धा सांगून चलाचा नाय. तेका पुरा सांगूक होया. मगे तो बघता. आनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणूक पाच तरी माणसां होयी. गाऱ्हाणा मनातल्या मनात नसता.” मी त्याला पुरं सांगितलं. त्याला लिंक म्हणजे काय हे कळायला अर्धा तास गेला, पण फॉर्मचं त्याला लगेच कळलं. पाच माणसं मी बघतो, तो म्हणाला.

मंगळवारी दुपारी देवळात चाळीस माणसं होती. लवूने पाच सांगितली होती, पण त्या पाचांच्या घरीही माणसं होतीच. जितेंद्र दुकान बंद करून आला होता. दाजी तांडेल खांबाला टेकून बसला होता. दुपार अशी होती की बाहेर पानही हलत नव्हतं, गाभाऱ्यातून चंदनाचा वास येत होता, आणि दूर कुठेतरी समुद्र चालू होता. मला वाटलं हेसुद्धा मी झोपेतच बघतोय, आणि थोड्या वेळाने फोन वाजेल. लवू गावकराने नारळ ठेवला, हात जोडले आणि चांगल्या खणखणीत आवाजात सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो आमचो पोस्टमास्तर तुझ्या पायाकडे इलो आसा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“त्येणी मालवणाक जावन, संगणकार बसान, परक्या माणसाच्या जहाजार बोट ठेवल्यान.”

“व्हय म्हाराजा.”

“तेणी इचारला ता सगळा ह्येणी खरा खरा लिवन दिल्यान. पासवर्ड सुदिक दिल्यान.”

“व्हय म्हाराजा.” इथे कोणीतरी खोकलं.

“आता पेटी चोराच्या हातात गेली. आनी रश्मीचा, ह्येच्या चेडवाचा, नोकरीचा बोलावणा त्या पेटयेत येवचा हा. ह्या त्येणी बायलेक सांगूक नाय, चेडवाक सांगूक नाय. भियालो.”

“व्हय म्हाराजा.”

भियालो हे मी लवू गावकराला सांगितलं नव्हतं. ते त्याने स्वतःहून घातलं. आणि ते इतकं खरं होतं की माझी मान खालीच राहिली.

“तर म्हाराजा, चोर साता समुद्रापलीकडे आसलो तरी तेका बुद्दी दी. चूक बापाशीची आसा, ती चेडवाक बाधू नको. चेडवाची वाट मोकळी कर.”

“व्हय म्हाराजा.”

त्या आवाजांत एका बाईचा आवाज होता. तो मी चाळीस काय, चारशे माणसांतही ओळखला असता. मागे वळून पाहिलं तर देवळाच्या पायरीवर, विमलाच्या शेजारी, खांद्याला शिकवणीची पिशवी अडकवलेली रश्मी हात जोडून उभी होती.

आम्ही तिघं घरी आलो. पडवीत आल्यावर ती म्हणाली, “बाबा, माका पयल्याच दिसाक सांगलात असता तर मी तेंका फोन करून दुसरो पत्तो दिलो असतो. पाच मिनिटांचा काम होता.”

मी म्हटलं, “माका वाटला तू रागावशीत.”

“मी रागावलंयच. जहाजावरना नाय. आठ दीस तुमी एकटेच फिरत होतास, म्हणान.”

मग ती फोनकडे गेली. मी बत्तीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या घरात इतकी शांतपणे काम करणारी व्यक्ती वाढत होती हे मला तेव्हा कळलं. जितेंद्रने मला सांगितलेलं सगळं तिने एका संध्याकाळी केलं. प्रितेशला आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, काही उघडू नका म्हणून. सकाळी केंद्राला फोन लावला. तिकडच्या कारकुनाने सांगितलं की गेल्या आठवड्यापासून आमचा ई-मेलच बंद आहे, काहीतरी बिघाड आहे, म्हणून मुलाखतीची बोलावणी या वेळी रजिस्टर टपालाने पाठवली आहेत.

रजिस्टर टपालाने. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गोव्याहून निघालेली थैली कुठल्या गाडीने कुडाळला उतरते, तिथून मालवणला किती वाजता येते, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. दोन दिवस मी फाटकापाशी उभा होतो. तिसऱ्या दिवशी बाबू पोस्टमन सायकलवरून आला, मी हात पुढे केला, आणि त्याने पत्र परत पिशवीत घातलं. रजिस्टर आहे, ज्याच्या नावाचं त्याच्याच सहीने, तो म्हणाला. हा नियम मीच त्याला शिकवला होता आणि तो मोडल्याबद्दल एकदा त्याच्याकडून लेखी खुलासाही घेतला होता. रश्मी केस पुसत बाहेर येईपर्यंत आम्ही दोघे फाटकाच्या दोन बाजूंना उभे होतो.

मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेलो. गरज नव्हती, तिनेच चला म्हटलं. केंद्राची इमारत खाडीच्या काठाला होती. व्हरांड्यात बाकावर बसलं की पाण्यावर उभ्या असलेल्या होड्या दिसायच्या. आतल्या खोलीचं दार वाऱ्याने अर्धवट उघडं राहिलं होतं. कुर्ल्यांबद्दल, भरती-ओहोटीबद्दल बरंच बोलणं झालं, ते मला फारसं कळलं नाही, पण तिचा आवाज कुठे अडखळला नाही. मग मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सरदेसाई म्हणाले, “तुमच्या अर्जावरच्या पत्त्यावरून आम्हाला एक चमत्कारिक ई-मेल आला होता.”

मी बाकाची कड धरली. ती सांगू शकली असती की पत्ता चुकीचा पडला, माहीत नाही, कोणा दुसऱ्याचा असेल.

“हो सर,” ती म्हणाली. “तो माझ्या बाबांचा पत्ता. त्यांनी एका लिंकवर क्लिक केलं होतं. नंतर त्यांनी ते गावासमोर कबूल केलं. असं करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.”

समोरची खाडी मला थोडा वेळ नीट दिसेना. गावासमोर कबूल केलं, असं तिने सांगितलं. लवू गावकराने माझ्याकडून करवून घेतलं, असं ती म्हणाली नाही. एवढ्या वर्षांत मी लोकांना माझी ओळख करून देत आलो, पण माझी ओळख दुसऱ्या कोणी करून दिली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

रश्मी आत कागदपत्रं दाखवत होती तेव्हा डॉ. सरदेसाई व्हरांड्यात आले. पिकलेले केस, जाड चष्मा, माझ्याच वयाचे. माझ्याशेजारी बाकावर बसले आणि पाण्याकडे बघत राहिले.

“मुलगी आम्ही घेतोय,” ते म्हणाले. “कागद निघेपर्यंत कुणाला बोलू नका.”

मी हात जोडले. ते उठले नाहीत. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“केंद्राचा ई-मेल बिघाडामुळे बंद पडलाय, असं इथे सगळ्यांना वाटतंय. ते जहाज फारच सुंदर होतं हो, मास्तर. दुपारची वेळ होती. मी सगळा फॉर्म भरला. अजून कुणाला सांगितलं नाही. क्लिक झाल्यावर पुढे काय करायचं असतं?”

मला जितेंद्रने बोटांवर मोजलेलं सगळं पाठ होतं. पासवर्ड, यादी, फोन. पण मी ते नंतरसाठी ठेवलं.

“घरी मुलं आहेत तुम्हाला?” मी विचारलं.

“एक मुलगी आहे. पुण्याला असते.”

“मग आधी तिला सांगा.”

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि व्हरांड्याच्या टोकाला टेलिफोन होता तिकडे चालत गेले. रश्मी फायली छातीशी धरून बाहेर आली आणि त्यांच्या पाठीकडे बघत मला म्हणाली, “काय सांगत होते ते?”

“काय नाय,” मी म्हटलं. “तेंका घराक फोन करूचो होतो.”